तीस तास की सेहेचाळीस? रेल्वेतल्या साप्ताहिक रेस्टचा आणि पगाराचा वाद

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट (इंजिन चालकाचे सहायक), दीर ट्रॅकमेंटेनर (रुळांची देखभाल करणारे). एकाच घरात दोघं रेल्वेत, पण दोन वर्षांत रविवारी सगळे एका पंगतीला बसले ते मोजून तीनदा. युनियनवाले म्हणतात आठवड्याला ४६ तास रेस्ट मागा, ऑफिस म्हणतं ३० तासांत सगळं आलं. दिरांचे रविवार मेगाब्लॉकमध्ये जातात. रविवारी काम केल्याचे जादा पैसे का मिळत नाहीत, ब्रिटनमध्ये तर मिळतात म्हणे. आणि मिस्टरांनी आंदोलनात उतरावं की गप्प बसावं?

ताई, मी १९८८ मध्ये डिझेल असिस्टंट म्हणून लागलो. शंटर, मालगाडी, पॅसेंजर, मेल असं करत २०२२ मध्ये निवृत्त झालो. मधली बारा वर्षं युनियनच्या शाखेचं काम केलं, लोकांचे ड्यूटीचे तास मांडून द्यायचं काम बहुतेक माझ्याकडेच असायचं. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. आमच्या घरातही तो वर्षानुवर्षं विचारला गेला आहे.

सगळ्यात आधी रविवारचं. रेल्वेच्या कायद्यात सुट्टीचा वार म्हणून रविवार नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३३ मध्ये रविवार येतो तो फक्त आठवडा कुठून मोजायचा ते सांगण्यापुरता. ज्यांचं काम 'सतत' किंवा 'तीव्र' प्रकारात मोडतं त्यांना आठवड्यातून एकदा सलग किमान ३० तासांची विश्रांती द्यावी, असं ते कलम म्हणतं. रनिंग स्टाफसाठी, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारख्या गाडीवर चालणाऱ्या लोकांसाठी, त्याच कलमात वेगळी तरतूद आहे: महिन्यातून किमान चार वेळा सलग ३० तास, किंवा किमान पाच वेळा सलग २२ तास आणि त्यात पूर्ण रात्र. म्हणजे कायद्याने वार दिलेला नाही, तास दिलेले आहेत. वार हातात नसला की भांडणाला तासच उरतात, आणि आजचा सगळा वाद त्या तासांच्या मोजणीचा आहे.

महाराष्ट्रात रविवारच्या सुट्टीला मोठा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीचा भोंगा रविवारी बंद ठेवता येतो. गाडी थांबवता येत नाही, हे आम्हालाही कळतं. म्हणूनच रेल्वे कामगाराने रविवार सोडला आणि त्याच्या बदल्यात तास मागितले. १९४७ चा न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा निवाडा, पुढे १९६९ मध्ये नेमलेलं न्यायमूर्ती मियाभॉय यांचं न्यायाधिकरण, मग २००५ चे कामाच्या तासांचे नियम, अशा वाटेने ते तास आपल्यापर्यंत आले. त्यामुळे रविवारी घरी नसणं हा अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. सोडलेल्या रविवारच्या बदल्यात ठरलेले तास पुरते मिळतात का, हा माझा प्रश्न आहे.

आता घड्याळ घेऊन बसा. समजा तुमचे मिस्टर रात्रभर मालगाडी चालवून रविवारी सकाळी सहाला हेडक्वार्टरच्या लॉबीत (क्रूच्या हजेरीच्या ऑफिसात) साइन ऑफ झाले, म्हणजे ड्यूटी संपल्याची नोंद केली, आणि सीएमएसवर (क्रूच्या ड्यूट्यांच्या संगणकावर) त्यांची पीआर, म्हणजे पिरिऑडिक रेस्ट, लागली. ऑफिसच्या मोजणीने सहापासून तीस तास धरले की सोमवारी दुपारी बाराला ते पुन्हा ड्यूटीला मोकळे. ड्यूटीचा कॉल त्याच्याही आधी येणार, म्हणजे सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजायला लागतो. दिसायला ३० तास मोठा आकडा आहे. पण कुठल्याही साध्या दिवशी, आठ तासांच्या वर ड्यूटी करून हेडक्वार्टरला आलेल्या माणसाला १६ तासांची रेस्ट मिळतेच. रविवारी रात्री दहापर्यंत ते तसेही मोकळेच असते. मग आठवड्याची सुट्टी म्हणून वेगळं काय मिळालं? तीस वजा सोळा, चौदा तास. आणि ते चौदा तास रात्री दहा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे. त्यातली रात्र झोपेत जाते आणि सकाळ कॉलची वाट बघण्यात.

दहा ते सहाच्या नोकरीतला माणूस घ्या, ज्याला फक्त रविवारची सुट्टी आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला तो सुटला की सोमवारी सकाळी दहाला परत येतो. मध्ये ४० तास. ते असेच होतात: रोजचे १६ आणि वर एक अख्खा दिवस २४. त्याला कोणी म्हणत नाही की तुझी रोजची संध्याकाळ आणि रात्र सुट्टीतच मोजली आहे. युनियनची मागणी याच हिशेबाची आहे. दैनंदिन १६ आधी पुरे होऊ द्या, मग ३० मोजा. १६ आणि ३० मिळून ४६. वरच्या उदाहरणात मग मिस्टर मंगळवारी पहाटे चारला मोकळे होतील. मध्ये घरच्या अंथरुणात दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांच्या निर्देशात आठवड्याचे २४ तास आणि शिवाय रोजचे ११ तास, असं दोन्ही मिळवून लिहिलेलं आहे. आपल्या कायद्यात ते 'शिवाय' लिहिलेलं नाही, आणि सगळं भांडण त्या न लिहिलेल्या शब्दात अडकलं आहे.

रेल्वेची बाजूही नीट सांगायला हवी. कलमात 'किमान सलग ३० तास' एवढंच आहे, ते दैनंदिन रेस्ट वगळून मोजा असं कुठे म्हटलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा आहे आणि शब्दार्थाने तो चूक नाही. दुसरं, मालगाडीला वेळापत्रक नसतं. कोळसा, सिमेंट, कंटेनर यांचा रेक (वाघिणींची अख्खी गाडी) भरला की निघतो आणि क्रू तेव्हाच लागतो. प्रत्येकाला महिन्यातून चार वेळा सोळा तास जास्त द्यायचे तर त्या प्रमाणात माणसं वाढवावी लागतील. हे खरं आहे. पण माणसं कमी आहेत याचा भार विश्रांतीवर टाकणं मला कधीच पटलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली आणि काही महिन्यांत तोच आकडा १८,७९९ वर नेला गेला. तुटवडा केवढा होता याची ही कबुलीच म्हणायची. भरती होऊन, प्रशिक्षण होऊन माणूस इंजिनावर बसेपर्यंत वेळ जातो, आणि तोवर ती उणीव आहे त्या लोकांच्या झोपेतून भरून निघते.

१ जून २०२४ पासून दक्षिण रेल्वेत, मुख्यतः केरळात, ऑल इंडिया लोको रनिंग स्टाफ असोसिएशनच्या लोकांनी संप केला नाही. ते ड्यूटीवर आले, गाड्या नेल्या, आणि पीआर लागली की ४६ तास पूर्ण झाल्यावरच पुढच्या ड्यूटीला आले. कामगार आयुक्त आणि कर्नाटक उच्च न्यायालय यांच्या निर्णयांचा आधार त्यांनी पुढे केला. त्यांच्यावर खात्याची चार्जशीट निघाली, काहींचं निलंबन झालं, काहींच्या बदल्या झाल्या. मला या आंदोलनाचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यांनी नवं काही मागितलं नाही. जे कागदावर आहे त्याची मोजणी कशी करायची तेवढंच स्वतः करून दाखवलं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लोको कामगारांच्या आंदोलनाने दहा तासांच्या ड्यूटीचं आश्वासन मिळवलं होतं. ८ मे १९७४ ला सुरू झालेल्या देशव्यापी संपातही आठ तासांच्या ड्यूटीची मागणी होती. तेव्हापासून आम्ही ड्यूटीच्या तासांवर भांडत आलो. दोन ड्यूट्यांच्या मधले तास मात्र फारसे कोणी मोजले नाहीत.

आता पैशांचं, कारण तुम्ही थेट विचारलं आहे. रविवार म्हणून आपल्याकडे वेगळा दर नाही. ठरावीक राष्ट्रीय सुट्ट्यांना काम केलं तर त्याचा भत्ता आहे. रात्री दहा ते सकाळी सहाच्या कामाला रात्रपाळी भत्ता आहे. २०२० साली आदेश निघाला की मूळ पगार ४३,६०० रुपयांच्या वर असलेल्यांना तो मिळणार नाही, आणि तोही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन लागू. स्टेशन मास्तरांनी तेव्हा काळ्या फिती लावून निषेध केला होता. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या वर तास गेले तर ओव्हरटाइम, आणि त्याचा दर साध्या दराच्या दुपटीपेक्षा कमी असू नये असं कलम १३२ सांगतं. पण हा हिशेब दोन आठवड्यांच्या सरासरीचा असतो. एका आठवड्यात माणूस पिळून निघाला आणि दुसऱ्यात कमी काम पडलं, तर कागदावर सगळं बरोबर दिसतं.

रनिंग स्टाफच्या पगाराची खरी गोम किलोमीटर भत्त्यात आहे. गाडी जितके किलोमीटर चालवली तितका भत्ता. तो बक्षिसी नव्हे, पगाराचाच भाग आहे, म्हणून तर मूळ पगाराचे ३० टक्के या भत्त्यापोटी पगार म्हणून धरले जातात आणि निवृत्तिवेतन काढताना मूळ पगारात ५५ टक्क्यांची भर पडते. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, इतरांचा दैनिक भत्ता २५ टक्क्यांनी वाढला, आणि किलोमीटरचा दरही तितकाच वाढवा ही मागणी तेव्हापासून चालू आहे. ती रास्त आहे. पण घरी बसलेल्या माणसाचे किलोमीटर होत नाहीत. म्हणजे ज्या महिन्यात पुरती रेस्ट घेतली त्या महिन्याचा पगार कमी येतो. ४६ तासांच्या मागणीवर तरुण पोरं मनापासून उभी राहत नाहीत त्याचं कारण भीती नाही, हे आहे. डोक्यावर घराचा हप्ता असतो, गावाकडे आईवडील असतात. लॉबीतून फोन आला, "पीआर तोडून येतोस का, लांबची गाडी आहे", की तो हो म्हणतो.

मीही हो म्हणायचो. १९९५-९६ च्या सुमाराची गोष्ट. घर बांधायला काढलं होतं, आणि मी लागोपाठ तीन रेस्ट मोडून कॉल घेतले होते. कोणी जबरदस्ती केली नव्हती. चौथ्या रात्री, पहाटे साडेचारच्या सुमाराला, भरलेली मालगाडी घेऊन उतारावर होतो. माझे डोळे उघडे होते, हात हँडलवर होता, आणि मी झोपलेलो होतो. माझा असिस्टंट ओरडला, "सिंगल यलो!" मी सवयीने तेच शब्द परत म्हटले, ब्रेक लावला, पुढचा सिग्नल लाल होता आणि गाडी त्याच्या अलीकडे उभी राहिली. त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. तो पोरगा जागा होता कारण आदल्या दिवशी त्याची रेस्ट पूर्ण झाली होती. मी घरी हे कधी सांगितलं नाही. तुम्ही रनिंगमधल्या माणसाच्या पत्नी आहात म्हणून सांगतो: रेस्ट मोडून आणलेल्या पैशाला घरातून नको म्हणा. ते तुम्हीच म्हणू शकता, शाखेच्या सेक्रेटरीने सांगून पोरं ऐकत नाहीत.

ब्रिटनचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. तिथे अनेक कंपन्यांत रविवार कराराच्या आठवड्यात धरलेलाच नाही. रविवारची किंवा सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी माणूस स्वखुशीने घेतो आणि तिचे वेगळे पैसे मिळतात. परिणाम असा झाला की वेळापत्रकच स्वखुशीच्या ड्यूटीवर उभं राहिलं. २०२२ ते २०२४ या काळात तिथल्या चालकांच्या अॅस्लेफ या युनियनने पगारासाठी संप केले आणि मधूनमधून जादा ड्यूटीवर बंदी घातली, तेव्हा एकही संप नसलेल्या दिवशी गाड्या रद्द होत होत्या. शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांची मिळून ५, ४.७५ आणि ४.५ टक्के अशी वाढ मान्य झाली. त्यांची ताकद कुठे होती पाहा: सुट्टीच्या दिवशी घरी राहणं हा त्यांचा हक्क होता, मेहेरबानी नव्हती. पण विश्रांतीला एकदा चांगला दर मिळाला की कंपनीला नवी माणसं घेण्यापेक्षा तो दर देणं स्वस्त पडतं. म्हणून रविवारचा जादा दर आपल्याकडेही मागावा असं मला वाटत नाही. मागायचंच तर असं मागावं की पीआरच्या तासांचे सरासरी किलोमीटर धरून भत्ता द्या, म्हणजे घरी झोपल्याने पगार कापला जाणार नाही. पगार आणि रेस्ट या दोन मागण्या वेगळ्या कागदांवर गेल्या की एक मिळते आणि दुसरी तिच्यात खर्ची पडते. शाखेच्या बैठकांत हे मी अनेकदा मांडलं, पुरेसं पटवता आलं नाही याची खंत आहे.

आपल्याकडचं वेळापत्रकही जादा ड्यूटीवर किती टेकलेलं आहे हे मुंबईने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाहिलं. मध्य रेल्वेच्या एका मोटरमनच्या मृत्यूनंतर त्याचे सहकारी अंत्यसंस्काराला गेले, जादा ड्यूटी करायला नकार मिळाले, आणि त्या शनिवारी शंभराच्या आसपास लोकल रद्द झाल्या. संपाची नोटीस नव्हती, घोषणा नव्हत्या.

दिरांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त टोचते, कारण त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्यांच्या रोस्टरमध्ये रेस्ट रविवारीच असते. पण मुंबईत गर्दी कमी असते ती रविवारीच, म्हणून माटुंगा ते मुलुंड असो की हार्बर, सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत ब्लॉक रविवारीच लागतो. लोक लोकल उशिरा धावते म्हणून चरफडतात. त्याच वेळी उन्हात, पावसात रूळ बदलणारा, खडी भरणारा, ओव्हरहेड वायरवर चढलेला माणूस आपला रविवार देत असतो. बदल्यात सीआर, म्हणजे भरपाईची रेस्ट, मिळते. ती मिळालीच पाहिजे. कलम १३३ मध्ये सूट देऊन विश्रांती काढून घेतली तर तेवढी भरपाई द्यावी असं स्पष्ट आहे. अडचण अशी की सीआर तोंडी राहते. "पुढच्या आठवड्यात घे", मग त्याच्या पुढच्या, मग कोणाच्या लक्षात राहत नाही. दिरांना सांगा, ब्लॉकच्या त्याच दिवशी मस्टरवर सीआर देय अशी नोंद करून घ्यायची आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवायचा. एकट्याने मागितलं तर राग धरला जातो. सगळ्या गँगने, म्हणजे त्यांच्या टोळीने, मिळून मागितलं की ती पद्धत होऊन जाते.

मिस्टरांनी काय करावं? आंदोलनात उतरायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं, तो निर्णय मी दुरून देणार नाही. चार्जशीट कोणाच्या नावावर येते ते मी पाहिलं आहे, आणि ती वाटून घेता येत नाही. पण काही गोष्टी त्यांनी आंदोलन असो नसो करायच्याच आहेत. पहिली, स्वतःची डायरी. साइन ऑन, साइन ऑफ, कॉल कधी आला, पीआर कधी लागली, सगळं तारीखवेळेसकट. सीएमएसमध्ये नोंद असते हे खरं, पण आपली वही आपल्याजवळ असली की बोलण्यात वजन येतं. मी ज्यांचे तास मांडून दिले त्यांच्यात निम्म्याहून जास्त वेळा असं निघालं की ४६ सोडाच, ३० सुद्धा भरलेले नव्हते. आणि ३० बद्दल तर वादच नाही. तिथे अर्ज केला की उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट फार जपून वाचा. नकार द्यायचा तर साइन ऑन करण्याआधी द्यायचा. एकदा गाडी ताब्यात घेतली की बदली माणूस येईपर्यंत सोडता येत नाही, कलम १३४ तसंच सांगतं, आणि ते योग्यच आहे. ड्यूटी लांबणार असं दिसलं तर कंट्रोलरला आधीच सांगून रिलीफ, म्हणजे बदली माणूस, मागायची आणि सांगितल्याची वेळ लिहायची. शरीर साथ देत नसेल तर लॉबीत लेखी सांगायचं किंवा रेल्वेच्या डॉक्टरकडे सिक रिपोर्ट करायचा. फोन बंद करून बसायचं नाही. फोन बंद केलेल्या माणसाची बाजू मांडताना आमचे हात बांधले जायचे.

तिसरी, एकाच युनियनवर विसंबू नका. मान्यताप्राप्त युनियनला डीआरएमसमोर (विभागाच्या रेल्वे व्यवस्थापकासमोर) पीएनएमच्या, म्हणजे प्रशासनाशी वाटाघाटीच्या, बैठकीत विषय ठेवता येतो. लोको स्टाफच्या संघटनेला ती खुर्ची नाही, पण रनिंगचे प्रश्न तिला आतून ठाऊक आहेत. दोन्हीकडे एकाच हिशेबाचा कागद द्या. आणि तासांच्या नियमांची तपासणी करायला केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतले अधिकारी आहेत. त्यांच्याकडे तक्रार करणं म्हणजे रेल्वेविरुद्ध जाणं नव्हे. ते त्यांचं नेमून दिलेलं काम आहे.

मिस्टर घरी आले की त्यांच्या मागच्या चार पीआर काढा. प्रत्येकीच्या आधीचं साइन ऑफ आणि नंतरचं साइन ऑन, दोन्ही वेळा लिहून इथेच टाका. नाव, गाडी नंबर, लॉबी काही लिहू नका. मी तास मांडून देतो. दिरांच्या मागच्या तीन महिन्यांतल्या ब्लॉकच्या तारखा आणि मिळालेल्या सीआरच्या तारखाही सोबत द्या.